पुस्तिकेतली तृप्ती

रंगावरून बोलायची वेळ आली की आपल्याकडची माणसं एकदम हळवी होतात. काळी म्हणायचं नाही. सावळी म्हणायचं, गव्हाळ म्हणायचं, अगदीच अंगाशी आलं तर 'नाकीडोळी नीटस आहे हो' म्हणून वेळ मारून न्यायची. तृप्ती गांगुर्डे काळी होती. पंचविशी उलटेपर्यंत जगानं तिला हे नाना परींनी सांगून झालं होतं, आणि सांगणारा प्रत्येक जण आपण तिचं भलंच करतोय अशा थाटात सांगत असे.

एका माणसानं मात्र कधी सांगितलं नव्हतं, ते म्हणजे तिचे वडील. झुंबरराव गांगुर्डे मूळचे नांदगावकडचे, पाटबंधारे खात्यात कारकुनी करून निवृत्त झालेले. नाशिकच्या उपनगर भागातल्या कॉलनीत त्यांच्या शब्दाला वजन होतं. रविवारी विहारात वंदना झाली की ते चार शब्द बोलायला उभे राहत, आणि चारावर कधी थांबत नसत. तृप्ती शाळेत असताना एकदा मावशी जेवताना म्हणाली होती, "हिला रातच्याला शोधायची तर कंदील लागंल बाई." झुंबररावांनी समोरचं ताट सरकवलं. "माझ्या लेकीच्या रंगावर बोलायचं असेल तर या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही." मावशी रडली, आणि तृप्तीच्या मनात एक गोष्ट पक्की झाली. बाहेर कोणी काही म्हणो, या एका माणसाला आपण आहोत तशाच पुरेशा आहोत. तिची सगळी भिस्त त्यावर होती.

बी.ए. झाल्यावर तिनं कॅनडा कॉर्नरजवळच्या एका क्लासमध्ये फोटोशॉप शिकायला नाव घातलं. त्या वर्षांत नाशकात ज्याला पुढचं काही सुचत नसे तो कॉम्प्युटरचा क्लास लावत असे. एका मशीनपुढं तिघं. माऊस एकाच्या हातात, उरलेल्या दोघांनी नुसतं बघायचं. माऊसच्या पोटातल्या गोळीला इतका मळ बसलेला की सरळ रेघ ओढायला जावं तर ती घाटातल्या रस्त्यासारखी वळणं घेई. पण तिथल्या सरांनी एक गोष्ट नीट शिकवली. मूळ फोटोला कधी हात लावायचा नाही. त्यावर नवा लेयर घ्यायचा, म्हणजे काचेसारखा एक थर, आणि काय रंगरंगोटी करायची ती त्या थरावर. थराशेजारी डोळ्याचं चित्र असतं. ते दाबलं की थर दिसेनासा होतो आणि खालचा फोटो जसाच्या तसा पुढं येतो. तृप्तीला हे फार आवडलं. वर कितीही थर चढवा, खालचं माणूस शाबूत राहतं, असं तिला वाटलं. भाबडी होती, दुसरं काय.

नाशिक रोडला बोरसे शेठचा फोटो स्टुडिओ होता, तिथं ती नोकरीला लागली. शेठनं कॉम्प्युटर घेतला होता, स्कॅनर घेतला होता, आणि दोन्हींवर बायकोनं विणलेला रुमाल घालून ठेवला होता. तृप्तीनं रुमाल काढला आणि काम सुरू केलं. लग्नांच्या व्हिडिओ शूटिंगला जाणारा किशोर, दोन मुलांचा बाप, फावल्या वेळात तिच्याशेजारी स्टूल घेऊन बसू लागला. "ताई, मलाबी शिकवा ना. कॅमेऱ्याचं काय खरं नाय आता." तिनं त्याला अगदी पहिल्यापासून शिकवलं. आधी लेयर घे, मग हात लाव. किशोर शिकला, पण त्याचा हात जड तो जडच राहिला. जिथं चिमूटभर हवं तिथं तो मूठभर घाली.

स्थळाला पाठवायचे फोटो हे तिथलं मुख्य काम, आणि त्याचा शेठनं घालून दिलेला नियम सोपा होता. फोटो मुलीचा असेल तर न विचारता उजळ करायचा. मुलाचा असेल तर नुसती धूळ काढायची. मुलाचा रंग त्याच्या नोकरीत असतो, हे शेठला कुणी शिकवायला लागलं नव्हतं. कर्व्ह्‌ज नावाची एक खिडकी उघडायची, तिच्यातली तिरकी रेघ जरा वर उचलायची, की मालेगावची, हरसूलची, कुठलीही पोर बघता बघता गोरी होई. तृप्तीचा हात या कामात फार सफाईचा होता. काय केलंय ते मुलीच्या आईलाही कळत नसे. नुसतं "फोटो छान आला हो" म्हणून आया खूश होऊन जात.

घरी येऊन ती हे वडिलांना सांगे. झुंबरराव चिडत. "ही गुलामी आहे, तृप्ती. आपलीच माणसं आपल्या कातडीला लाजायला लागली."

"मी काय करू बाबा? शेठ सांगतात."

"पोटासाठी कर. मनाला लावून घेऊ नको." आणि पुढच्या रविवारी विहारात तेच भाषणात येई. लोक माना डोलावत आणि सोमवारी मुलींचे फोटो घेऊन बोरसे शेठकडं येत.

दोन हजार चारच्या उन्हाळ्यात समाजाचा वधू-वर मेळावा ठरला. त्याची परिचय पुस्तिका निघणार होती, रंगीत, आणि फोटो लावायचं काम शेठला मिळालं. पाकिटंच्या पाकिटं आली. तृप्तीनं मुलींमागून मुली उजळ केल्या. त्यांतच आईनं नेट लावून दिलेला तिचा स्वतःचाही फोटो होता. तो तिनं स्कॅन केला, धूळ काढली आणि तसाच ठेवून दिला.

शेठनं मागून पाहिलं. "सगळ्या गावाला पावडर लावली आणि स्वतःलाच विसरलीस होय?"

"नाही शेठ. माझा असाच जाईल."

हे तिनं घरी जरा ऐटीतच सांगितलं. झुंबरराव चहा पीत होते. "शाब्बास," ते म्हणाले. आई, चांगुणाबाई, आतून करवादली, "शाब्बास म्हन्तात! पोरगी लग्नाची हाय, भाषनाची नाय." तृप्ती हसली. वडील हसले नाहीत, हे तिच्या ध्यानात आलं नाही.

पुस्तिका छापून आली की नाही ते ती दोन-तीनदा वडिलांना विचारून बसली. ते म्हणाले, अजून नाही. मग एका रविवारी मालेगावचे पाहुणे आले. मुलगा, नाव संघर्ष, बँकेत होता. त्याची आई लताबाई चांगली जाडजूड, बोलायला मोकळी. जय भीम झालं, पाणी झालं, तृप्तीनं पोह्यांच्या बशा पुढं केल्या आणि समोर बसली. लताबाईंनी तिच्याकडं पाहिलं, मग दाराकडं पाहिलं.

"ही धाकटी का? थोरलीला बोलवा की."

"एकच हाय आम्हाला," चांगुणाबाई म्हणाल्या.

लताबाईंनी पिशवीतून पुस्तिका काढली, पान उघडलं आणि टीपॉयवर ठेवलं. तृप्ती वाकून बघते तर खाली नाव तिचं, शिक्षण तिचं, जन्मतारीख तिची. वरचा चेहरा मात्र दुधात बुडवून काढलेला. नाकाच्या कडा पार पुसून गेलेल्या.

"हे मी केलेलं नाही," ती म्हणाली.

"अगं, स्टुडिओत कामाला ना तू? मग दुसरं कोण करील?" लताबाई हसल्या. रागावल्या असत्या तर परवडलं असतं. "रंगाचं काय नसतं गं, पण माणसानं फसवू नये." लताबाईंच्या लेकाचा रंग तृप्तीच्याही एक पाऊल पुढं होता. तो मान खाली घालून पोहे खात राहिला.

तृप्तीनं वडिलांकडं पाहिलं. आता हे ताट सरकवणार, आता बोलणार, म्हणून पाहिलं. झुंबरराव म्हणाले, "छपाईत होतं असं कधी कधी." आणि पाहुण्यांना आणखी चहा घ्यायचा आग्रह करू लागले. पाहुणे चहा न घेताच गेले.

हा चावटपणा शेठचा, याबद्दल तृप्तीला तिळमात्र शंका नव्हती. दुसऱ्या दिवशी ती भांडायच्या तयारीनंच स्टुडिओत शिरली. पण शेठ यायचे होते. तिनं कॉम्प्युटर लावून आपली फाइल उघडली. फोटोवर एक थर होता, मूठभर घालणाऱ्या हाताचा. तिनं शेजारचा डोळा दाबला. थर गेला आणि खाली ती होती, तशीच. पुन्हा दाबला, पुन्हा ती दुसरी बाई आली. नियम तेवढा किशोरनं अगदी शिकवल्याप्रमाणं पाळला होता.

"किशोरभाऊ, हे का केलंत?"

किशोर स्टुलावरून उठला. "ताई, मी आपल्या मनानं नाय केलं. तुम्ही जेवायला गेल्या होत्या तव्हा तुमचे वडील आले होते. म्हन्ले, जरा उजळ करून द्या, तिला कळू देऊ नका. मी म्हन्लं, ताई चिडतील. तर हात जोडले हो त्यांनी. एवढ्या मोठ्या माणसानं हात जोडल्यावर मी काय करणार?"

शेठशी भांडायचं राहून गेलं. दिवसभर तिनं दुसऱ्यांचे फोटो केले.

संध्याकाळी झुंबरराव गॅलरीत पेपर वाचत होते. ती समोर उभी राहिली. "बाबा, तुम्ही स्टुडिओत आला होता?"

त्यांनी पेपराची घडी केली. "किशोरनं सांगितलं वाटतं." मग म्हणाले, "मला तू आहेस तशीच आवडतेस, तृप्ती. पण पुस्तिका बघणारे माझ्यासारखे नसतात."

"तुमच्यासारखे म्हणजे कसे, बाबा?"

या प्रश्नावर एरवी त्यांनी विहारात तासभर काढला असता. आता त्यांनी पेपराची आणखी एक घडी घातली. "त्यानं जरा जास्तच केलं," ते म्हणाले. "मी थोडंसंच सांगितलं होतं. तू स्वतः केलं असतंस तर कळलंही नसतं कुणाला. तुझा हात चांगला आहे."

आपल्याला संताप येईल असं तिला वाटलं होतं. तो आला नाही. तिला लाज वाटली, आणि ती त्यांची वाटली. जन्मभर जपून ठेवलेलं माणूस असं हातातून गेलं की ओरडायलाही सुचत नाही. ती आत जाऊन भाजी निवडू लागली. आपलेच दात आणि आपलेच ओठ, तक्रार तरी कुणाकडं करणार?

पुढच्या वर्षीच्या पुस्तिकेचं कामही शेठलाच मिळालं. तृप्तीनं आपला फोटो घेतला, वर थर घेतला आणि तिरकी रेघ बेतानं उचलली. नाक, हनुवटी, डोळ्यांखालची सावली, सगळं जागच्या जागी ठेवून नुसता रंग तेवढा उजळ केला. मग थर मूळ फोटोत मिसळून टाकला आणि फाइल सेव्ह करून बंद केली. क्लासमध्ये हे करू नका म्हणून सांगितलं होतं, कारण त्यानंतर खालचं काही परत मिळत नाही.

पुस्तिका छापून आली तेव्हा झुंबररावांनी ती या वेळी कपाटात दडवून ठेवली नाही. चष्मा कपाळावर चढवून, पान डोळ्यांजवळ नेऊन त्यांनी तिचा फोटो बराच वेळ पाहिला. त्यांचा चेहरा मोकळा झाला.

"चांगुणा, हे बघ," त्यांनी स्वयंपाकघराकडं तोंड करून हाक मारली. "आता कशी आपली तृप्ती दिसते."