डिकीखालच्या इंजिनाची कैफियत

मी बोलतोय तो गाडीच्या डिकीखालून. मी एक इंजिन आहे, पण गाडी मी चालवत नाही.

हसू येईल, पण खरं आहे. आमची गाडी विजेची. चाकं फिरवायचं काम मोटारीचं, मोटारीला पोसायचं काम बॅटरीचं. आणि बॅटरी थकली, की पेट्रोल पिऊन वीज करायची आणि तिच्या पोटात घालायची, हे काम माझं. चाकं आणि मी एकाच घरात राहतो, पण आमची भेट नाही.

कारखान्यात माझी जोडणी झाली तेव्हा एका कामगाराने मला अकरा मिनिटं चालवून पाहिलं. कान जवळ आणून तो म्हणाला, "आवाज बरा आहे याचा." पुढे दोन महिने मी त्या एका वाक्यावर काढले.

ज्या घरी मी आलो तिथल्या बाई दातांच्या डॉक्टर. आठवड्यातले तीन दिवस त्या डोंगरातल्या गावांत जाऊन लोकांचे दात काढत आणि कवळ्या बसवत. त्या वाटेवर गाडी चार्ज करायच्या दोनच जागा. एकीला कायम कुलूप. दुसरीवर 'लवकरच सुरू होत आहे' अशी पाटी, आणि ती पाटीसुद्धा गंजलेली. म्हणून तर बाईंनी माझ्यासकट ही गाडी पसंत केली. "वाटेत अडकायचं नाही, एवढं मला पुरे," असं त्या दुकानातच म्हणाल्या होत्या.

गाडी चालवायचे मात्र त्यांचे यजमान. ते पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेले. सगळा जन्म गळक्या नळांमागे गेल्यामुळे कुठेही थेंब सांडला की ते फडकं घेऊन धावायचे. पहिल्याच आठवड्यात त्यांनी व्रत घेतलं, की पेट्रोल जाळायचं नाही. म्हणजे मला उठूच द्यायचं नाही.

मग काय विचारता. गाडीतला एसी बंद. वारा आत शिरून गाडी अडते म्हणून खिडक्याही बंद. बाई घामाने निथळत मागे बसायच्या आणि मांडीवर पेटी घेऊन कुणाच्या तरी कवळीच्या दाढा घासायच्या. वेग पस्तीसच्या वर नाही. एकदा एक सायकलवाले आजोबा आम्हाला ओलांडून गेले, पुढे जाऊन थांबले आणि काळजीने म्हणाले, "काही बिघडलंय का?"

माझ्यासारखं इंजिन फार दिवस पडून राहिलं तर आतून खराब होतं. म्हणून गाडीच मला मधूनमधून आपणहून दहा मिनिटं चालवते. हे यजमानांना ठाऊक नव्हतं. शेजारच्या हेडमास्तरांना गाडीत बसवून ते एकदा सांगत होते, "दोन महिने झाले, थेंब नाही." नेमका त्याच वेळी मी सुरू झालो.

"हे काय?" हेडमास्तरांनी विचारलं.

"इंजिन."

"पण तुम्ही तर म्हणालात..."

"आहे ते," यजमान म्हणाले. "पण आमचं बोलणं नाही."

त्या दिवशी त्यांनी माहितीपुस्तक चष्मा लावून वाचून काढलं आणि टाकीत पेट्रोल भरायचंच बंद केलं. ना रहे बांस... नाही, आपल्या भाषेत सांगतो: मूळच खणलं की फांदी कशी वाढेल. वर्षभरात टाकीत तळ दिसू लागला. बाईंना त्यांनी हे सांगितलं नाही. मी सांगू शकत नव्हतो.

आता त्या दिवसाची गोष्ट.

डोंगरातल्या सगळ्यात वरच्या गावात एक मावशी होत्या. आयुष्यभर बाळंतपणं केलेल्या. दात गेल्यापासून वर्षभर चारचौघांत त्यांनी तोंड उघडलं नव्हतं, तोंडावर हात धरूनच वावरायच्या. त्या दिवशी साडेअकराला गावच्या शाळेत आरोग्य खात्याचे साहेब येणार होते. तिथला छोटा दवाखाना ठेवायचा की बंद करायचा, ते ठरणार होतं. मागे एक पावसाळाभर दवाखाना बंद होता तेव्हा काय काय झालं, हे मावशींइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. पण त्यांनी निरोप धाडला होता, "दात आले तर बोलेन. बोळक्याने बोलून हसं करून घेणार नाही."

कवळी तयार होऊन बाईंच्या पेटीत होती. आम्ही आठला निघालो. पुलाची दुरुस्ती निघाल्यामुळे तीस किलोमीटरचा वळसा पडला. चार्जिंगच्या पहिल्या जागी कुलूप होतं, आणि किल्लीवाले बहिणीकडे गेले होते. दुसऱ्या जागी पाटी होती. आठ टक्के बॅटरी उरली.

"आता इंजिन चालू द्या," बाई म्हणाल्या.

यजमान समोरची काच पुसू लागले.

"अहो, टाकीत पेट्रोल आहे ना?"

"आहे."

"किती?"

"वास येण्यापुरतं."

बाईंनी मांडीवरची पेटी खाडकन मिटली. बत्तीस वर्षांच्या संसारात अशा एका आवाजाचं वजन किती असतं, ते मला डिकीखाली जाणवलं. होतं तेवढं पिऊन मी जीव तोडून चाललो, खोकलो आणि बंद पडलो. बॅटरीही संपत आलेली, आणि पुढे चढाचा रस्ता, बारा किलोमीटर.

मागून मोपेडवर टपाल वाटणाऱ्या एक बाई आल्या. यजमान रस्त्याच्या मधोमध उभे राहिले.

"ताई, थोडं पेट्रोल मिळेल का?"

त्यांनी गाडीकडे नीट पाहिलं. "काका, ही तर विजेची. हिला पेट्रोल कशाला?"

यजमानांचा चेहरा मला दिसत नव्हता, पण आवाज ऐकू आला. "हिच्यात एक इंजिन आहे. चांगलं आहे. मीच त्याला उपाशी ठेवलंय."

टपालवाल्या ताईंनी नळीने दोन बाटल्या भरून दिल्या. यजमानांनी त्या माझ्या टाकीत ओतल्या, एकही थेंब न सांडता. ती सवय बाकी कामाला आली. आणि मी उठलो. तो चढ मी कसा चढवला ते बॅटरीला विचारा.

पोचलो तेव्हा बारा वाजत आले होते. साहेब फाइल बांधत होते. मावशी शाळेच्या ओट्यावर तोंडावर हात धरून बसलेल्या. बाईंनी त्यांना गाडीतच बसवून कवळी लावली.

"कुठे टोचतंय?"

मावशींनी डावीकडे बोट दाखवलं. तेवढा भाग घासायला हवा होता, आणि गावात सकाळपासून वीज नव्हती. मग बाईंनी घासायचं यंत्र आमच्या गाडीलाच जोडलं. बॅटरीत जेमतेम जीव होता, त्यामुळे गाडी उभी असूनही मला चालावं लागलं. चांगलाच आवाज होत होता.

"तो आवाज जरा बंद करा," साहेब दारातून म्हणाले.

"नाही साहेब," यजमान हातात वायर धरून म्हणाले. "तो चालू राहणार. तुम्ही बसा."

साहेब का बसले, कोण जाणे. पण बसले.

पाच मिनिटांत मावशी आत गेल्या. नव्या कवळीमुळे पहिलाच शब्द, "साहेब", शिट्टीसारखा वाजला. मागची माणसं फिसकन हसली. मावशींनी तोंडावर हात नेला, आणि मग तो खाली घेतला.

"हसून घ्या," त्या म्हणाल्या. "आणि साहेब, तुम्ही लिहून घ्या."

दवाखाना बंद होता त्या पावसाळ्यात दगावलेल्या चार बायकांची नावं त्यांनी सांगितली, कुणाची, कुठल्या घरची, सगळं. प्रत्येक 'स'ला शिट्टी वाजत होती आणि आता कुणी हसत नव्हतं. फाइल पुन्हा उघडली. दवाखाना राहिला, आठवड्यातून चार दिवस.

परत येताना बाईंनी खिडकी उघडली. यजमानांनी आपलीही उघडली.

या गोष्टीला सहा वर्षं झाली. माझं धुराडं गंजलंय, सकाळी उठताना मी जरा कुरकुरतो. त्या गावाच्या दवाखान्यासमोर गेल्या महिन्यात चार्जिंगचं नवं केंद्र झालं. उद्घाटनाला आम्हाला मानाने बोलावलं. फीत कापायच्या वेळीच वीज गेली. मग पाहुण्यांचा माइक आणि दोन पंखे माझ्यावर लावले, आणि 'आता पेट्रोलची गरज उरणार नाही' हे भाषण लोकांनी माझ्या विजेवर ऐकलं.

मला राग नाही आला. तसं झालं तर बरंच आहे. मोटार आणि बॅटरी दोघी गुणी आहेत, पुढचे दिवस त्यांचेच. फक्त ज्यांच्या गाडीत माझ्यासारखं कुणी असेल त्यांना एक विनंती. आमच्याकडून काम घ्या किंवा घेऊ नका, पण टाकीत थोडं ताजं पेट्रोल असू द्या आणि अधूनमधून आम्हाला उठवत जा. रिकाम्यापोटी कुणालाही कामाला बोलावू नये.