गंगुबाईच्या धक्क्यावरची छत्री

"धैर्यवानांच्या सात पिढ्यांत भीती हा पदार्थ कोणी चाखलेला नाही," श्यामकांत धैर्यवानांनी जाहीर केलं, "आणि आठवी पिढीही तो चाखणार नाही."

वाक्य मोठं होतं, खोताच्या वाडीतल्या त्या जुन्या लाकडी माडीला शोभणारं होतं. फक्त ते त्यांनी पलंगावर उभं राहून म्हटलं. पलंगाखाली एक झुरळ शिरलं होतं आणि अजून बाहेर आलं नव्हतं.

"आठवी पिढी खाली उतरली तर केर काढता येईल," यशोदाबाई म्हणाल्या. केरसुणीच्या एका फटक्यात त्यांनी झुरळाचा निकाल लावला आणि नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं. तोंड पांढरं पडलेलं होतं. एका झुरळाने एवढं पडत नाही, हे त्यांना तीस वर्षांच्या संसाराने शिकवलं होतं. "आज त्या धक्क्यावर जायचंय ना?"

श्यामकांतरावांनी मान हलवली.

धक्का काळाचौकीच्या पलीकडे, खाडीच्या अंगाला होता. दगडी पायऱ्या, एक वड, दोन उंच भेंडीची झाडं आणि समोर पाणी, एवढीच त्याची इस्टेट. पण गिरणीची पाळी सुटली की कापसाने पांढरी झालेली माणसं तिथे येऊन श्वास घेत. नारळी पौर्णिमेचा नारळ तिथेच सुटे आणि मेलेल्या माणसाचं दहावंही तिथेच होई. सकाळी कोकणात जाणारी बोट तिथून दिसे. तिकिटाला पैसे नसले तरी माणूस तिथे उभं राहून आपल्या गावाला हात करू शके. श्यामकांतराव ज्या कचेरीत मोजणी कारकून होते, त्या कचेरीच्या नकाशात मात्र या जागेवर 'रिकामी' असं लिहिलं होतं. ती आता कोळशाच्या वखारीला द्यायची होती. झाडं पाडायची, तारेचं कुंपण घालायचं, आणि त्याआधी श्यामकांतरावांनी चार कोपऱ्यांवर चार खुंट्या मारायच्या.

"खुंट्या मारून या," राजाध्यक्ष साहेब म्हणाले होते, "नाहीतर येऊच नका." पेन्शनीला दोन वर्षं राहिली होती. त्यामुळे 'येऊच नका' हे शब्द श्यामकांतरावांना रात्रभर ऐकू येत होते.

पण खरी भीती साहेबांची नव्हती. खरी भीती गंगुबाईची होती.

गंगुबाई तिथल्याच चाळीतली म्हातारी. दोन्ही भेंडी तिने स्वतः लावलेल्या. श्यामकांतराव मोजणीची फीत घेऊन तीनदा गेले आणि तीनही वेळा ती फितीच्या दुसऱ्या टोकावर मांडी घालून बसली. तिसऱ्या खेपेला तिने अगदी मायेने त्यांची मान निरखली होती, आणि म्हणाली होती, "पावण्या, मी मेलंय तरी हयसून हलूचंय नाय. तुझ्या मानगुटीर बसतलंय. मान बरी हा तुझी. मावतलंय मी."

आणि मग ती खरंच मेली. या बातमीने कचेरीत तीन माणसांना हायसं वाटलं. चौथ्याला, म्हणजे श्यामकांतरावांना, त्या दिवसापासून मान आखडल्यासारखी वाटू लागली.

यशोदाबाईंनी कोपऱ्यातली छत्री काढली. "ही न्या. काड्या लोखंडी आहेत. लोखंडाला ती जात भिते."

"मला भुताखेतांची भीती नाही."

"मग ठेवू परत?"

"असू दे. ऊन लागेल."

माघ महिना होता. वाडीत लोक अजून शाली पांघरून फिरत होते.

दिवसच तसे होते. गोळीबाराला फार दिवस झाले नव्हते, 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' भिंतीभिंतीवर होतं आणि जमावबंदीचा हुकूम लागलेला होता. पाच माणसं एकत्र दिसली की लाठी. म्हणून कचेरीने श्यामकांतरावांबरोबर एक हवालदार दिला. बुधाजी त्याचं नाव. शांत, जाड मिशांचा, आणि वाटेत एक अक्षर न बोलणारा. श्यामकांतरावांना तेवढाच धीर आला. तो धक्क्याच्या वळणापर्यंत टिकला.

वळणापलीकडे दोनेकशे माणसं उभी होती.

"हवालदार," श्यामकांतरावांचा आवाज फितीसारखा गुंडाळला गेला, "जमावबंदी आहे ना?"

"दहाव्याक बंदी नाय साहेब," बुधाजी म्हणाला आणि त्याने टोपी काढली.

गंगुबाईचं दहावं चाललं होतं. हुकूम लागल्यापासून काळाचौकीला एकत्र जमायला जागाच उरली नव्हती, त्यामुळे म्हातारीच्या दहाव्याला तिच्या ओळखीचे होते तेवढे आले होते आणि नव्हते तेही आले होते. पुढे तिचा मुलगा शिवा, गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर काम करणारा, नुकतं डोकं भादरलेला. पायरीच्या दगडावर पिंड मांडलेला. भटजी हात बांधून. आणि सगळ्यांच्या माना वडाकडे. वडावर एक कावळा होता, पण तो खाली येत नव्हता.

पळावं असं श्यामकांतरावांच्या पायांना वाटलं, पण ते त्यांना कळवायच्या आत कोणीतरी म्हणालं, "खुंटीवालो इलो." दोनशे माना वडावरून त्यांच्याकडे वळल्या. गर्दी बाजूला झाली आणि वाट झाली. ती वाट मागे जात नव्हती, सरळ वडाखाली जात होती.

"येवा," शिवा म्हणाला. आवाजात राग नव्हता. त्याचीच श्यामकांतरावांना जास्त भीती वाटली. रागावलेल्या माणसाचं काय करायचं ते ठाऊक असतं: पळायचं. "आयेची ओळख हुती तुमची. उभे ऱ्हवा."

वडाच्या पारंब्या वाऱ्याशिवाय हलत होत्या, किंवा वाऱ्याने हलत असतील, तो हिशेब करायची ती वेळ नव्हती. मानगुटीवर बसायचं तर वरूनच यावं लागणार, एवढं त्यांना सुचलं. त्यांनी छत्री उघडली आणि तिच्याखाली खांद्यांसकट शिरले.

कावळा एक फांदी खाली आला होता. तो परत वर गेला.

"आये, नातवाक इंग्रजी शाळेत घालतंय," शिवा हात जोडून म्हणाला. कावळा ढिम्म.

"धाकलीचा लगीन वैशाखात करतंव," मागून कोणीतरी म्हणालं. कावळ्याने पंख खाजवला.

मग शिवाने छाती भरून घेतली. "आये, मुंबईसकट संयुक्त महाराष्ट्र घेतल्याबिगर गप बसूचंव नाय."

गर्दीतून एक हुंकार उठला. कावळ्याने तोंड फिरवलं.

"म्हातारीक ठाऊक हा," एकजण पुटपुटला, "ता एकट्या शिवाच्या हातात नाय."

भटजींनी घसा साफ केला. "ऊन चढतंय. दर्भाचा कावळा करू आणि शिववू, शास्त्रात सोय आहे."

"सोय नको," शिवा म्हणाला. "आयेचा काय अडकलाहा ता सगळ्यांका म्हायत आसा."

आता बोलायला कोणी उरलं नव्हतं. दोनशे माणसं श्यामकांतरावांकडे बघत होती. त्यांनी बुधाजीकडे पाहिलं. सरकारने दिलेलं संरक्षण टोपी छातीशी धरून उभं होतं आणि त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. छत्रीच्या काड्या थरथरत होत्या. हात थरथरतोय की वरून कोणी बसतंय, हे त्यांना सांगता येईना. आणि तेवढ्यात मानेवर काहीतरी थंड, हलकं, बोटासारखं टेकलं.

पारंबी होती. पण हे त्यांना घरी गेल्यावर सुचलं.

"नाही मारणार," ते ओरडले. "खुंटी नाही मारणार. झाडं नाही पडणार, धक्का राहील. गंगुबाई, मी बघतो. धैर्यवानांचा शब्द आहे."

"हात जोडून," भटजी म्हणाले.

हात जोडायचे तर छत्री कोण धरणार? बुधाजी पुढे झाला, त्याने छत्री घेतली आणि मिटली. श्यामकांतरावांनी डोळे मिटून हात जोडले.

पंखांचा आवाज झाला. डोळे उघडले तेव्हा कावळा पिंडावर होता आणि शिवा पायरीवर बसून लहान मुलासारखा रडत होता.

माणसं पांगली. कोणी श्यामकांतरावांच्या पाया पडलं, कोणी त्यांच्या हातात नारळ दिला. त्यांना काही दिसत नव्हतं. छत्री परत हातात आली तशी त्यांनी ती सवयीने उघडली, आणि पिंडावर निवांत जेवणारा कावळा किंचाळत थेट वडाच्या शेंड्यावर गेला.

श्यामकांतरावांनी छत्री मिटली. कावळा खाली आला. उघडली. वर गेला. त्या सगळ्या गर्दीत भ्यालेले जीव दोनच होते, एक ते आणि एक तो. आणि तो त्यांनाच भ्याला होता.

"हवालदार," ते बारीक आवाजात म्हणाले, "तुमच्या लक्षात आलं होतं?"

"मी ड्युटीवर हुतंय साहेब," बुधाजी खाडीकडे बघत म्हणाला. "ड्युटीवर असताना मी काय बघत नाय." थोडं चालल्यावर त्याने पुस्ती जोडली, "माझ्या आयेचा दहावा मीय हयच केलंय."

आता खरं म्हणजे भीती जायला हवी होती. गेली नाही. कावळा छत्रीला भ्याला हे कळलं. पण दिलेला शब्द मोडणाऱ्याचं गंगुबाई काय करते, याबद्दल छत्रीने काहीच सांगितलं नव्हतं. आणि समोर राजाध्यक्ष साहेब होते. एक मानगुटीवर बसणार, दुसरा पोटावर पाय देणार. माणसाला मान आणि पोट दोन्ही लागतात.

साहेब पुढारलेले होते. देवधर्म मानत नसत, हे ते आल्यागेल्याला सांगत. "खुंट्या?" त्यांनी विचारलं.

"परत आणल्या, साहेब." श्यामकांतरावांनी चारही टेबलावर ठेवल्या. त्यांनी झालं ते सगळं सांगितलं, फक्त छत्री सोडून.

"बावळटपणा आहे. उद्या मी स्वतः जातो."

"जा साहेब. म्हातारी तुमची चौकशी करायची."

साहेबांचा हात कागदावर थांबला. "माझी? तिला माझं नाव काय ठाऊक?"

"मी सांगितलं होतं, साहेब." लपवायचं त्राण त्यांच्यात उरलं नव्हतं. "ती म्हणाली, तुझ्या मानेवर कोण बसलाय त्याचं नाव सांग. मी भ्यालो. पत्ताही सांगितला."

"कचेरीचा?"

"घरचा."

खिडकीच्या कठड्यावर एक कावळा येऊन बसला होता. साहेब दुपारच्या चहाची बिस्किटं कुस्करून तिथे टाकत, म्हणून तो येई.

"हा रोजचाच ना?" साहेबांनी हळूच विचारलं.

"असावा, साहेब. पण मी कावळे ओळखत नाही."

कावळ्याने साहेबांकडे एका डोळ्याने पाहिलं. मग दुसऱ्या डोळ्याने. साहेबांनी बिस्किटांची बशी अख्खी उचलून कठड्यावर ठेवली, खिडकी लावून घेतली आणि रुमालाने मान पुसली.

"रेल्वेच्या रुळापलीकडचं ते पडीक आवार आहे ना," ते म्हणाले. "वखारीला खरं म्हणजे तेच सोयीचं. मी पहिल्यापासून म्हणत होतो."

"हो, साहेब." म्हणाले नव्हते, पण आज वाद कोण घालणार?

त्याच संध्याकाळी श्यामकांतराव धक्क्यावर निरोप द्यायला गेले. पाळी सुटलेली होती. हुकुमाला मान देऊन माणसं चार चारच्या टोळक्यांत उभी होती, फक्त टोळकी पन्नास होती. निरोप ऐकून कोणी घोषणा दिली नाही. एकाने भेंडीच्या बुंध्यावर हात ठेवला, तसा दुसऱ्याने ठेवला, मग तिसऱ्याने.

मग शिवाने त्यांना पायरीवर चढवलं. "हो माणूस बघा," तो म्हणाला. "एकटो इलो. दोनशे माणसात उभो ऱ्हवलो. सायबासमोर उभो ऱ्हवलो. असो निधड्या छातीचो माणूस मी आजवर बघूक नाय. बोला धैर्यवानसाहेब, दोन शब्द बोला."

पाण्यावरचा उजेड उतरत होता. वडात कावळे परतत होते, एक, दोन, मग पुष्कळ. श्यामकांतरावांनी वर पाहिलं, मानेवरचं उपरणं नीट केलं आणि घसा साफ केला.

"शिवा," ते म्हणाले, "काळोख पडायच्या आत मला भायखळ्यापर्यंत सोबत कराल का कोणी? वाटेत झाड नसेल अशा रस्त्याने."