एक माणूस जास्त

पुण्याहून आलेल्या साहेबांनी चहा पिता पिता सांगितलं की लातूरच्या मार्केटिंगमध्ये एक माणूस जास्त आहे. कोण, ते सांगितलं नाही. चहा छान होता म्हणाले, गाडीत बसले आणि निघून गेले.

तेव्हापासून त्या खोलीतली चार माणसं एकमेकांकडे बघेनाशी झाली.

अमृतराव सरांचे क्लासेस पुण्याच्या कंपनीनं विकत घेतल्याला दोन वर्षं होत आली होती. सर असताना मार्केटिंग वगैरे शब्द कुणाला ठाऊक नव्हता. भूकंपानंतरच्या वर्षांत सर पत्र्याच्या शेडमध्ये गणित शिकवायचे, आणि पोरांचे आईबाप फोन करायचे तो फोन शांतम्मा उचलायची. "सर चांगले हायत, पोरगं पाठवा, मी लक्ष ठेवते," एवढीच जाहिरात. मग लातूरचं नाव झालं. निलंगा, औसा, तिकडं नांदेडपासून उमरीपर्यंतची पोरं ट्रंका घेऊन यायला लागली, गल्लीगल्लीत खानावळी निघाल्या, आणि पत्र्याच्या शेडच्या जागी काचेची इमारत उभी राहिली. शांतम्मा फोनवरच राहिली. फक्त आता तिच्या टेबलावर पाटी होती, आणि वर एक साहेब होता.

तो साहेब म्हणजे फरहान, नांदेडचा. वय तिशीच्या आत. आल्या आल्या त्यानं खिडकीजवळची जागा घेतली आणि तिथं प्लायवूडचं केबिन ठोकून घेतलं. ती जागा शांतम्माची होती. त्या दिवसापासून ती त्याला 'फरहान सर' म्हणायला लागली, आणि त्यातलं 'सर' असं म्हणायची की ऐकणाऱ्याला ते टोचावं.

उरलेले दोघे म्हणजे ऋतुजा आणि शिवशंकर. ऋतुजा मोबाईलवरच्या जाहिरातींचं काम बघायची आणि शांतम्मानं लिहिलेली वाक्यं अर्धी करून टाकायची. शिवशंकर चौकाचौकांत बोर्ड लावायचा, महापालिकेच्या परवानग्या आणायचा. पूर्वी दुपारी चौघांचे डबे एका टेबलावर उघडायचे. पुण्याचे साहेब चहा पिऊन गेल्यापासून शिवशंकर जिन्यात उभा राहून खायचा, ऋतुजा स्क्रीनकडं बघत खायची, आणि फरहान दार लावून घ्यायचा. शांतम्मा तेवढी रोज दार ढकलून त्याच्या टेबलावर वाटीभर काहीतरी आदळून यायची. राग आपल्या जागी होता, पण नांदेडचं पोरगं खानावळीचं खातं, हेही तिला ठाऊक होतं.

"अक्का, ऋतुजा पुण्याला काय काय मेल करून राहिली, माहीत हाय का?" शिवशंकर शांतम्माला हळूच सांगायचा.

"शिवादादा दिवसभर कुठं असतात हो अक्का? बोर्ड काय रोज लावायचे असतात का?" ऋतुजा विचारायची.

आपल्याविषयी हे दोघं एकमेकांना काय सांगत असतील, ते शांतम्माला न विचारता कळत होतं. सत्तेचाळिसावं वर्ष लागलं होतं. कॉम्प्युटरवर एका बोटानं टायपिंग. नवऱ्याचं, चन्नबसप्पाचं, कापड दुकान बंद झालेलं, आणि पोरगी सोलापूरला नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला. घर तिच्या पगारावर चालत होतं. या वयात आणि या शहरात दुसरीकडं कोण घेणार होतं तिला?

चार महिने असेच गेले. मग जूनमध्ये निकाल लागले.

निकालाचा बॅनर म्हणजे क्लासेसचा सणच. वर गुणवंत पोरांचे मोठे फोटो, खाली 'शुभेच्छुक' म्हणून मार्केटिंगच्या माणसांचे छोटे गोल फोटो. सरांच्या काळापासूनची पद्धत. शुक्रवारी संध्याकाळी प्रिंटिंगवाल्या वकारनं बॅनरचं डिझाइन ऑफिसच्या ग्रुपवर टाकलं. शांतम्मानं चष्मा लावला. पोरं बघितली, नावं बघितली, मग खाली आली.

खाली तीन फोटो होते. फरहान, ऋतुजा, शिवशंकर.

तिनं मोबाईल लांब धरला, जवळ धरला. तीनच.

 ग्रुपवर नुसते अंगठे उमटले, एक, दोन, आणि थोड्या वेळानं फरहानचा.

घरी गेल्यावर तिनं चन्नबसप्पापुढं मोबाईल धरला. तो म्हणाला, "मग? विसरला असंल प्रिंटिंगवाला."

"वकार? त्यो काय विसरतोय!"

"मग विचार की."

"काय विचारायचं? काढलं मला."

"फोटो न्हाई म्हंजी नोकरी न्हाई, असं कुठं असतंय का?"

"तुम्ही आख्खं आयुष्य लातुरात काढलं आन असं बोलून राहिले? मागं आपल्या वॉर्डातला त्यो माणूस पॅनल सोडून गेला, ते त्याच्या बायकोच्या आधी आपल्याला कसं कळलं होतं?"

 बॅनरवरूनच कळलं होतं. आमच्याकडं माणूस आत आहे की बाहेर, हे कागदावर यायच्या आधी चौकातल्या बॅनरवर येतं, हे कुणीही सांगेल.

शनिवारी ती ऑफिसात गेली, तर ऑफिसच बदललेलं होतं.

"अक्का, इकडं बसा, कूलरची हवा लागते," म्हणत ऋतुजानं स्वतःची खुर्ची पुढं केली. शिवशंकर खाली जाऊन उसाचा रस घेऊन आला, सगळ्यांना, आणि शांतम्माला मोठा ग्लास. दुपारी त्यानं जिना सोडला आणि टेबलावर डबा उघडला. "घ्या की अक्का. घरची धपाटी हायत. लई दिवसांत बसलोच न्हाई आपण."

"मी ना अक्का, तुमचं जाहिरातीतलं वाक्य तसंच ठेवलंय," ऋतुजा म्हणाली. "एक शब्द कापला नाही."

दोघं हसत होते. चार महिन्यांत पहिल्यांदा त्यांचे खांदे खाली आले होते.

शांतम्मानं धपाट्याचा तुकडा मोडला आणि दोघांकडं बघितलं. सुटका झाल्याचा हा चेहरा तिनं कुठंतरी बघितला होता.

भूकंपाच्या साली ती लग्न होऊन औशाजवळच्या खेड्यात आली होती. हळदीचा रंगही अंगावरून गेला नव्हता. पहाटे जमीन हलली. त्यांच्या घराच्या भिंतींना चिरा गेल्या, पण घर उभं राहिलं. पलीकडची गावंच्या गावं मातीला मिळाली. मग उभ्या राहिलेल्या गावातल्या बायांनी भाकरी थापल्या, टोपल्यांत भरल्या आणि ट्रॅक्टरवर बसून तिकडं वाटायला गेल्या. शांतम्माही गेली. देताना तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, आणि ते पाणी खरं होतं. पण पाण्याखाली आणखी एक गोष्ट होती, तीही तेवढीच खरी होती. आपलं उभं आहे. भाकरी घेणाऱ्या एका म्हातारीनं तिच्याकडं असं बघितलं होतं की जणू तिला ते दिसलं होतं.

आज शांतम्मा त्या म्हातारीच्या जागी बसून धपाटं खात होती.

"चांगलं झालंय," ती शिवशंकरला म्हणाली. "तीळ जरा जास्त टाकायला सांग बायकोला."

रविवार तिनं घर झाडण्यात घालवला. जाळ्या काढल्या, डबे घासले. आणि गंमत म्हणजे रात्री तिला गाढ झोप लागली. चार महिन्यांत लागली नव्हती तशी. व्हायचं ते होऊन गेलं होतं.

सोमवारी तिनं ड्रॉवर रिकामा केला, केबिनचं दार ढकललं आणि फरहानच्या टेबलावर किल्ली ठेवली. त्या दिवशी वाटी नव्हती.

"ही काय अक्का?"

"ड्रॉवरची किल्ली. पालकांचे नंबर शिवशंकरला समजावून देते. तेवढं दोन दिवसांत हुईल."

फरहान उभा राहिला. "म्हणजे तुम्हाला पुण्याहून फोन आला?"

"मला कशाला येईल? तुम्हालाच आला असंल. तुम्हीच सांगितलं न्हवं वकारला?"

"मी? मी कायको सांगू?" त्याचं मराठी घाबरलं की नांदेडच्या गल्लीत जायचं. "मला वाटलं पुण्यानं त्याला डायरेक्ट सांगितलं. बिल तेच देतात ना आता."

"आन तुम्ही विचारलं न्हाई?"

"हिंमत नाही झाली," तो खरं तेच बोलला.

 मग फरहाननं वकारला फोन लावला आणि मोबाईल टेबलावर ठेवून आवाज मोठा केला. प्लायवूडच्या पलीकडं ऋतुजाची टकटक थांबली.

"वकारभाई, त्या बॅनरवर अक्कांचा फोटो का नाही?"

"लो! मलाच विचारून राहिले?" वकार भडकला. "अक्कांनीच दम दिला ना मला! मागच्या निकालाचा बॅनर शिवाभाऊंनी निलंग्याकडं कुणाला तरी देऊन टाकला. तो गेला अक्कांच्या नणंदेच्या गोठ्यावर, आडोसा म्हणून. अक्का गेल्या पाहुणपणाला, तर ह्यांचा फोटो बरोबर खाली, आणि फोटोला पाठ लावून म्हैस उभी! तिथूनच फोन केला मला. 'वकार, आजपासून मला कुठं चिकटवलंस तर याद राख.' मी म्हटलं, नको बाबा. आता टाकू का? टाकतो. पण लिहून द्या, म्हशीची जबाबदारी माझी नाही."

शांतम्माच्या तोंडावर सगळे रंग येऊन गेले. हे ती सपशेल विसरली होती. गावातल्या प्रत्येकाच्या लग्नाचं साल तिला पाठ, आणि स्वतः दिलेला दम विसरली!

पलीकडं शिवशंकर फुसकन हसला. ऋतुजाही हसली. फरहान तोंडावर रुमाल दाबून टेबलावर वाकला. शांतम्मा म्हणाली, "हसा, हसा. म्हैस लई सरळ होती, कमीत कमी तोंडावर पाठ करत होती," आणि मग सगळेच मोठ्यानं हसले.

हसू ओसरलं. केबिनच्या दारात येऊन उभ्या राहिलेल्या ऋतुजाचे खांदे पुन्हा वर चढलेले शांतम्माला दिसले. शिवशंकर नखं खायला लागला. पुन्हा चौघंच्या चौघं होते, आणि चौघांत एक जास्त होता.

शांतम्मानं किल्लीकडं बघितलं. शुक्रवारपासून ती काढलेलीच बाई होती, आणि तिला काहीसुद्धा झालं नव्हतं. तिनं जाळ्या काढल्या होत्या, जेवली होती, झोपली होती.

"लावा पुण्याला फोन," ती म्हणाली.

"कुणाला?"

"त्या मॅडम हायत ना, माणसं ठिवायच्या-काढायच्या. त्यांना."

"अक्का, असं विचारत नसतात."

"मग कसं विचारतात? चार महिने झाले, कुणी विचारलंच न्हाई तर कळणार कसं? लावा. मी बोलते."

फरहाननं शिवशंकरकडं बघितलं, ऋतुजाकडं बघितलं. कुणी नको म्हणालं नाही. त्यानं फोन लावला.

"मॅडम, मी लातूरहून शांतम्मा बोलते. नमस्कार. आमच्यातलं कोण काढणार ते एकदाचं सांगून टाका. म्हंजी बाकीचे कामाला लागतील."

 मॅडम गोंधळून म्हणाल्या, "पण मी फरहानना शुक्रवारीच मेल केला आहे. त्यांनी सांगितलं नाही का तुम्हाला? त्यांच्याकडून एक नाव मागितलं होतं, ते आलं नाही. शेवटी लातूरला वेगळा विभागप्रमुख नको, असं ठरलं. बाकी तिघांचं काम आहे तसंच राहील. फरहानना नांदेड शाखेत प्रवेश विभाग दिलाय, आहे त्याच पगारावर. फरहान, आहात का तिथे?"

"हाव... हो मॅडम. आहे."

"मेल बघितला नाही?"

"बघतो मॅडम."

फोन बंद झाला. फरहाननं दोन्ही हातांत डोकं धरलं आणि त्याचे खांदे हलायला लागले. ऋतुजा पुढं झाली, "सर, सर, असं नका ना..." शिवशंकर पाण्याचा ग्लास घेऊन धावला. फरहाननं वर बघितलं, तर डोळ्यांत पाणी होतं आणि तो हसत होता.

"उघडलाच नाही मी मेल," तो म्हणाला. "शुक्रवारपासून पुण्याचं नाव दिसलं की मोबाईल उलटा ठेवायचो. मला वाटलं, शेवटची तारीख दिली असंल. नाव द्या, नाव द्या, चार महिने हेच चालू होतं."

"मग दिलं का न्हाई?" शांतम्मानं विचारलं.

"लिहिलं होतं. खोटं कशाला बोलू? शिवाभाऊंचं एकदा लिहिलं. ऋतुजाचं एकदा. तुमचं दोनदा, अक्का."

"दोनदा?"

"हाव. पण पाठवायच्या टायमाला तुम्ही वाटी आदळायच्या टेबलावर. शेंगाची चटणी, एकदा ते वाफवलेले उंडे. मग पोट भरायचं, आणि पोट भरल्यावर असलं काम होत नाही." त्यानं डोळे पुसले. "नांदेड! अम्मीला सांगायला पाहिजे. दीड वर्षं रोज विचारून राहिली, कधी येतो म्हणून."

"मग आमच्यावर उपकार केल्यासारखं नका बोलू," शांतम्मा म्हणाली. "घरी जायला मिळालं, म्हणून हसताय." पण हे बोलताना तिनं 'सर' म्हटलं नाही. "जा बाबा, आधी आईला फोन लाव."

ती बाहेर आली आणि जिना उतरायला लागली. जिन्याच्या तिसऱ्या-चौथ्या पायरीवर ती बसली. पदरानं तोंड पुसत राहिली. घाम होता का काय होतं, तिलाच कळेना. खाली रस्त्यावर क्लास सुटला होता. शेकडो सायकली, पाठीवर दप्तरं, गलका. कुणाचं तरी पोरगं कुणाला तरी हाक मारत होतं.

मागून ऋतुजा आली आणि शेजारी बसली. 

"अक्का, तुमचा फोटो नव्हता ना, तेव्हा मला बरं वाटलं होतं."

"ठाऊक हाय मला."

"रागावलात?"

"रागावले. का न्हाई रागावणार? कूलरपुढं बसवून माझं तेरावं घातलंत तुम्ही दोघांनी."

ऋतुजाला हसावं की रडावं कळेना. "मग आता?"

"आता काय. तुझं लगीन ठरलंय, घराचा हप्ता हाय, मला काय माहीत न्हाई व्हय? तुझा फोटो नसता, तर मी पण तुला रस पाजला असता." शांतम्मानं तिच्या खांद्यावर हात टेकला आणि ती उठली. "एवढा मोठा ग्लास पाजला नसता मात्र."

वरून शिवशंकरनं हाक मारली. निलंग्याहून कुणा पालकाचा फोन होता, पोराला गणित जमत नाही म्हणत होता.

"आले म्हणून सांग," शांतम्मा म्हणाली, आणि एकेक पायरी चढायला लागली.