भोंग्याच्या तोंडात अक्षता

मी ग्रामपंचायतीच्या गच्चीवरचा भोंगा. आयुष्यभर दुसऱ्यांचं बोललो. आज माझं बोलतो. लांबण लावणार नाही, आणि गोडही बोलणार नाही.

मी अॅल्युमिनियमचा. कारखान्यात पत्रा फिरत्या साच्यावर दाबून माझं तोंड काढलं, धोतऱ्याच्या फुलाएवढ्या नळीपासून परातीएवढ्या घेरापर्यंत. मागे डब्यात वजनदार चुंबक आणि त्यावर पातळ पडदा, तारेचं बारीक वेटोळं चिकटवलेला. तो पडदा म्हणजे माझा गळा. बाकी सगळं नुसतं तोंड.

चाळीस वर्षांपूर्वी मला तेल्हारा तालुक्यातल्या या गावात आणलं. हा खारपाणपट्टा. जमिनीतलं पाणी खारट. हापशीच्या पाण्यात डाळ शिजत नाही. नळाचं गोड पाणी दहा-बारा दिवसांनी येतं, त्याची वेळ ठरलेली नाही, आलं तर तासभर टिकतं. म्हणून माझं काम एकच. पाणी आलं की सांगायचं. शिपाई माईक हातात घ्यायचा, मी बोलायचो, आणि अर्ध्या कोसावरच्या वावरातून बाया विळे टाकून घराकडे निघायच्या.

हे काम मी तीस वर्षं केलं. एकदाही चुकलो नाही.

मग गावात मोबाइल आले. नितेश उपसरपंच झाला. त्यानं पाण्याचा ग्रुप काढला आणि मला पंचायतीच्या खोलीत टाकलं, तुटक्या खुर्च्यांच्या मागे. पंचायतीत येणारी माणसं तंबाखू-सुपारीचा खर्रा चघळत बसायची. बाहेर जायचा कंटाळा आला की माझ्या तोंडात थुंकायची. सरळ सांगतो, मला माणसांची किळस आली. गांधीलमाशांनी माझ्या नळीत मातीचं घर केलं. त्यांचा राग आला नाही. त्या थुंकत नव्हत्या.

गावाच्या शेवटच्या गल्लीत जयवंता राहते. नवरा नाही. घरात सासू, गोदाबाई. गोदाबाईची मूत्रपिंडं खराब झाली आहेत. अकोल्याच्या डॉक्टरनं सांगितलं, हापशीचं पाणी एक घोटही नको. जयवंता दिवसभर दुसऱ्याच्या वावरात, म्हातारीला धड ऐकू येत नाही, आणि ग्रुपचा मोबाइल दोघींकडेही नाही. ओळीनं दोन वेळा तिचं पाणी गेलं. शेजारी काय करत होते? आपापले ड्रम भरत होते. भरून झाल्यावर त्याच पाण्यानं गाड्या धूत होते.

जयवंता पंचायतीत आली तेव्हा मी दाराआडून ऐकत होतो.

"काकू, ग्रुपवर टाकलं होतं नं सकाळीच," नितेश म्हणाला.

"माया घरी ग्रुप नाई, पाण्याचा गुंड आहे. थो रिकामा आहे."

"मंग आता घरोघरी सांगाले जाऊ काय मी?"

"तू काहून जातं? भोंगा होता नं. थो कोठी गेला? मेला काय?"

शिपाई बुधाजी हसला. नितेश हसला नाही. तिच्यासोबत आलेल्या दोन बायांनीही तोंड उघडलं, तेव्हा तो म्हणाला, "दुरुस्त करून आणा. पण कमी पैशात."

बुधाजीनं मला अकोल्याला शेषरावकडे नेलं. बोळीतलं दुकान, म्हातारा कारागीर, बोलणं कमी. मला तो आवडला. त्यानं नाक मुरडलं नाही. घासलेटच्या बोळ्यानं माझं तोंड पुसलं, मातीचं घर खरवडलं, पोचा आलेला पत्रा वाळूच्या पिशवीवर ठेवून लाकडी हातोडीनं आतून हळूहळू वर आणला. चुंबकाच्या फटीत लोखंडाचा कीस बसला होता. तो फुंकून निघत नाही. त्यानं कागदाच्या तुकड्याला चिकटपट्टी लावली आणि ती फटीतून फिरवत राहिला, पट्टी स्वच्छ निघेपर्यंत. नवा पडदा महाग. भंगारात आलेल्या भोंग्यांतून त्यानं दोन चांगले पडदे काढून ठेवले होते. त्यातला एक मला बसवला. तारेत एक छोटा कंडेन्सर जोडला.

"हे जाड आवाज अडवते," तो बुधाजीला म्हणाला. "याच्यात गाणेगिणे लावू नका. हा बोलाचा भोंगा आहे. अन् तोंड वर करून ठेवू नका. आत पाणी गेलं का पडदा गेला."

बुधाजीनं मान डोलावली.

गावात आल्यावर नितेशनं मला पाहिलं. "जुनं आहे तं काय झालं, दिसलं पाहिजे नं," म्हणाला. मला सोनेरी रंग फासला, आतून बाहेरून. तोंडाच्या कडेला रंगीत लाइटची पट्टी स्क्रूनं ठोकली. पडद्याला पैसे नव्हते, पट्टीला निघाले. मी नाचणाऱ्या घोड्यासारखा दिसत होतो.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. पंचायतीच्या सगळ्या हत्यारांची पूजा. फावडी, मोटरीचा स्टार्टर, ट्रॅक्टर, आणि मी. मला पाटावर उभं केलं, तोंड आभाळाकडे. बायका ओळीनं आल्या. हळद, कुंकू, अक्षता, झेंडूच्या पाकळ्या, जे ते माझ्या तोंडात. माझी नळी सरळ आहे. वरून टाकलं ते थेट गळ्यावर. मग नितेशनं नारळ फोडला आणि त्याचं पाणी भक्तिभावानं आत ओतलं.

बुधाजी तिथंच उभा होता. त्याला माहीत होतं. त्यानं खोबऱ्यासाठी ताट पुढे केलं. पूजेत आडवं कोण येणार? सगळ्यांनी खोबरं खाल्लं, माझ्यासोबत फोटो काढले, आणि मला गच्चीवर चढवलं. थुंकणाऱ्यांची किळस आली होती. हात जोडणाऱ्यांची जास्त आली.

दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी पाणी आलं. बुधाजीनं माईक घेतला. मी जीव तोडून बोललो. पण ओला पडदा, त्यावर चिकटलेले तांदूळ, कुंकवाचा चिखल. बाहेर पडली ती नुसती घरघर. लाइट मात्र छान लागली.

संध्याकाळी जयवंता आली. भांडली नाही.

"काकू, आवाज तं आला होता नं?" नितेशनं विचारलं.

"आला. कोणाचं ट्रॅक्टर बिघडलं वाटलं मले. म्या विळ्यानं सोयाबीन सोंगत राह्यली."

"पुढच्या मिटिंगमंदी घेतो विषय."

"तवरिक बुढी काय पेईन? तुयी मिटिंग?"

तिनं बुधाजीकडे पाहिलं. "उतरव त्याले." त्यानं उतरवलं. नितेश मोबाइल पाहत बसला.

गोदाबाईला दोन दिवस हापशीचंच पाणी प्यावं लागलं. पाय पुन्हा सुजले. तिसऱ्या दिवशी जयवंतानं मन मारून एका शेजारणीकडून कळशीभर पाणी घेतलं, मला पोत्यात घातलं, मजुरी बुडवली आणि एसटीनं अकोल्याला आली. सगळा रस्ता मी तिच्या मांडीवर होतो.

शेषरावनं डबा उघडून वर्तमानपत्रावर झटकला. फुगलेले तांदूळ पडले.

"पूजा केली काय?"

"गावानं केली. म्या बी कुंकू टाकलं," ती म्हणाली. नजर चोरली नाही तिनं.

"शिपायाले सांगतलं होतं म्या, तोंड वर ठेवू नका म्हणून." त्यानं उरलेले तांदूळ झटकले. मग म्हणाला, "एक पडदा उरला आहे. याच्या बाद नाही."

"बसवा."

त्यानं तो बसवला. नळीतला सोनेरी रंग खरवडला. लाइटची पट्टी काढून फेकली, कारण ती पत्र्यावर थरथरून बोल फोडत होती. पैसे घ्यायला नको म्हणाला. तिनं ते टेबलावर ठेवले आणि निघाली.

बुधाजी मला गच्चीवर बांधत होता तेव्हा ती खाली उभी राहिली. तोंड जरा खाली झुकवून घेतलं, वावराच्या बाजूनं फिरवून घेतलं. "हळदकुंकू लावाचंच असन तं मांगच्या डब्याले लावजा," म्हणाली. "अन् तुले माहीत असते तवा बोलत जाय, बुधाजी." बुधाजीनं दोरीची गाठ आणखी आवळली.

आता मी तिथंच आहे. अर्धा सोनेरी, अर्धा पांढरा, दिसायला ओंगळ. हा माझा शेवटचा पडदा आहे. म्हणून एवढंच सांगतो. माझा मान ठेवायचा असेल तर मला कोरडा ठेवा. मला देव करू नका. देव केल्यावर तुम्ही ऐकणं सोडता.

परवा दुपारी नळ आले. बुधाजी बोलला, मी बोललो, शब्द न् शब्द साफ. जयवंता वावरातून पळत आली, माझ्याखालून गेली, गल्लीत वळली. वर पाहिलं नाही. थोड्या वेळानं शेवटच्या घरातून गुंड भरल्याचा आवाज आला.