ब्रुसेल्सची एकादशी

ब्रुसेल्सहून परतून आठवडा होत नाही तोच डॉक्टर हेमचंद्ररावांनी अमेरिकेतल्या ईडन प्रेरी गावच्या आपल्या बेसमेंटमध्ये स्लाइड शो ठेवला. विषय, 'चॉकलेटच्या गल्ल्यांतून पायी'. फोटो फक्त चारशे बारा. समोशांच्या आशेने आलेली वीस माणसं सोफ्यांवर दाटीवाटीने बसली होती, आणि आता सुटका नाही हे कळायला त्यांना तीन फोटो पुरले.

त्यांच्या पत्नी मृणालिनीबाई मागच्या खुर्चीत होत्या. ही सहल खरं तर त्यांची हौस. मिनेसोटाचा बर्फ उपसत त्यांनी पस्तीस वर्षं एकच ठरवलं होतं: रिटायर झालं की ब्रुसेल्सला जायचं, गाइडच्या मागे दुकानादुकानांतून हिंडायचं आणि मनसोक्त चॉकलेट खायचं. बुकिंग नवऱ्याने केलं. रावांनी हवामान बघितलं, बुटांचे रिव्ह्यू वाचले. तिथी तेवढी बघायची राहिली. टूर नेमकी एकादशीला आली. तारीख बदलता येईना, आणि बाईंनी चाळीस वर्षांत एकही एकादशी मोडली नव्हती. नागपूरच्या बहिणीला फोन लावला, तर ती म्हणाली, "साबुदाणा चालतो. कोकोचं मला काय ठाऊक? नकोच ते!"

मग बाई उपाशीपोटी नऊ दुकानं हिंडल्या. प्रत्येक दुकानात माणशी एक चॉकलेट मिळे. ते बाई स्टीलच्या डब्यात ठेवत आणि उद्या आधी कुठलं खायचं ते मनात घोळवत. हेमचंद्ररावांना डायबेटिस, त्यामुळे यांना काहीही देऊ नका, असं बाईंनी गाइडला आधीच बजावलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळचं विमान. विमानात बसून उपास सोडायचा बेत होता. डबा रावांच्या बॅगेत होता. सिक्युरिटीतून राव तोंड पाडून बाहेर आले. "अगं, चॉकलेट्स काढून घेतली त्यांनी." डबा मात्र परत मिळाला होता, तोही चकचकीत धुतलेला. बाईंना तेव्हा बेल्जियमच्या स्वच्छतेचं कोण कौतुक वाटलं होतं!

"आणि हे सातवं दुकान," पडद्याजवळ हेमचंद्रराव रंगात आले होते. "इथलं चॉकलेट म्हणजे काय सांगू! आधी मिरी लागते, मग मीठ, आणि मग संत्र्याची साल जिभेवर रेंगाळते."

"काका, म्हणजे शुगर विसरून तुटून पडलात वाटतं!" शेजारचा अतुल हसला.

लॅपटॉप सांभाळणारी नात आरोही म्हणाली, "बट आजोबा, यू सेड दे डिडन्ट गिव्ह यू एनी."

मृणालिनीबाईंना ती मिरी ठाऊक नव्हती, ते मीठ ठाऊक नव्हतं, संत्र्याची साल तर नाहीच. त्यांना आधी संताप आला, मग तो चकचकीत डबा आठवला.

"अहो," त्या अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "एअरपोर्टवाल्यांनी डबा कुठल्या साबणाने धुतला हो?"

हेमचंद्ररावांनी रिमोट उगाच दोनदा दाबला. जन्मभर पेशंटांना पथ्य सांगितलेल्या माणसाला खोटं पेलवेना.

"हॉटेलच्या शाम्पूने," ते पुटपुटले.

सोफ्यावर कुणीतरी हसू दाबलं. बाई हसल्या नाहीत.

"नऊ होती," त्या म्हणाल्या. "माझ्यासाठी एकही नाही ठेवलंत?"