काय लिहिलंय, दादा?

मी बोलतोय. यात तसं नवल काही नाही, बोलणं हाच माझा धंदा आहे. पण आजवर मी फक्त दुसऱ्यांनी लिहिलेलं वाचून दाखवत आलो. स्वतःबद्दल बोलायची ही पहिलीच वेळ, तेव्हा जरा भरभर बोललो तर सांभाळून घ्या. सवय आहे.

मी एक कॉम्प्युटर. माझा जन्म एका दुकानाच्या पोटमाळ्यावर झाला. एका माणसाने सुटे भाग खोक्यांतून काढून, चहा पीत पीत मला जोडलं. शेवटी एक स्क्रू कमी पडला, तेव्हा तो म्हणाला, "चालतंय." तो स्क्रू आजही नाही. त्यामुळे पंखा फिरू लागला की माझं एका बाजूचं झाकण थरथरतं. ही थरथर पुढे कामाला आली, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

मला घरी आणलं दादाने, धाकट्या बहिणीसाठी. तिला घरात सगळे चिमी म्हणतात, आता चाळिशी उलटली तरी. चिमीला जन्मापासून दिसत नाही. मी टेबलावर आलो तेव्हा तिने सगळ्यांना बाजूला केलं आणि माझ्यावरून सावकाश बोटं फिरवली. कुठे बटण, कुठे खाच, कुठली वायर कुठे जाते, सगळं समजून घेतलं. इतकं नीट मला जोडणाऱ्यानेही पाहिलं नव्हतं.

चिमीचं काम ऐकण्याचं. हॉस्पिटलातले डॉक्टर रोग्यांचे अहवाल तोंडी सांगून ठेवतात, ती रेकॉर्डिंग नेटवरून माझ्याकडे येतात. चिमी ती कानाला लावून ऐकते, टाइप करते, आणि टाइप केलेलं मी तिला वाचून दाखवतो. चूक असली तर ती दुरुस्त करते आणि पाठवून देते. डॉक्टर कुठे अडखळला, कुठे मुद्दाम थांबला, सगळं तिला कळतं. "हा थांबला ना, म्हणजे बातमी चांगली नाही," असं ती वाक्य पूर्ण व्हायच्या आत मला सांगायची.

माझा आवाज काही गोड नाही. जरा नाकातला आहे, पत्र्यासारखा आहे. पण तो कितीही वेगात नेला तरी एक अक्षर गिळत नाही. चिमीने तो इतका वाढवला होता की दुसऱ्या कुणाला त्यातलं काही कळत नसे. वहिनी दारातून जाता जाता म्हणायची, "आज कुणाशी भांडतोय गं हा?" चिमी हसायची. त्या घरात माझी आणि तिची एक वेगळी भाषाच होती म्हणा ना.

पडद्याचा मात्र तिला उपयोग नव्हता. तो घरातल्यांसाठी होता, आणि अडीअडचणीसाठी. कारण माझा आवाज मी पुरता जागा झाल्यावरच फुटतो. बटण दाबल्यापासून तोवर मी मुका. त्या वेळात काही सांगायचं असलं तर पडद्यावर लिहून सांगतो, आणि ते कुणीतरी डोळसाने चिमीला वाचून दाखवायचं. ते काम दादाचं. "काय लिहिलंय, दादा?" असं तिने विचारायचं आणि त्याने वाचायचं. लहानपणी रस्त्यावरच्या पाट्या वाचण्यापासून त्यांचं हे चालत आलेलं. तिने त्याला कधी दुसऱ्यांदा विचारलं नाही.

मग दादाची बदली झाली, दुसऱ्या गावी. वहिनीने खोकी जमवायला सुरुवात केली. चिमी म्हणाली, मी येणार नाही.

"एकटी कशी राहणार तू?"

"राहतात तशी. इथला जिना मला पाठ आहे, दुकानं पाठ आहेत, शेजारी माणसं आहेत. आणि माझं मी कमावते."

"आणि काही लागलं-सवरलं तर?"

"तर तुला फोन करीन. नवा घेऊन दिलायस ना?"

फोन त्याने खरंच घेऊन दिला होता, चांगला होता. वहिनी म्हणाली, "अहो, राहू दे तिला. तिचं काम आहे." दादा म्हणाला, "काम आहे तोवर ठीक आहे," आणि विषय तिथेच राहिला.

नेमकं तेव्हाच माझं दुखणं निघालं. मी हळू चालतो म्हणून बोलावलेला दुरुस्तीवाला म्हणाला, "ताई, यातली सिस्टिम फार जुनी आहे, तिला आता कोणी विचारत नाही. नवी टाकून देतो." टाकली. आणि माझा आवाज गेला, कारण तो जुन्या सिस्टिमखेरीज कुठे चालतच नाही. नवा आवाज गोड होता, पण वेग वाढवला की शब्दांची शेपटं खायचा. एका अहवालात डाव्या गुडघ्याचा उजवा झाला. हॉस्पिटलातल्या मॅडमचा फोन आला. त्या रागावल्या नाहीत, थंडपणे बोलल्या, आणि ते जास्त लागलं.

"दादा, मला जुनी सिस्टिम परत टाकून दे," चिमी म्हणाली.

दादा एका कारखान्यात भांडार सांभाळतो, कॉम्प्युटरमधलं त्याला बऱ्यापैकी कळतं. सुटीच्या दिवशी त्याने पेन ड्राइव्हवरून मला जुनी सिस्टिम घातली. त्यासाठी मला बजावून ठेवलं की उठल्यावर आधी पेन ड्राइव्हकडे बघायचं, मग स्वतःच्या डिस्ककडे. मी म्हटलं, बरं. मी सांगितलेलं ऐकणारा आहे. संध्याकाळपर्यंत माझा पत्र्याचा आवाज परत आला, आणि चिमीने मला उगाचच काहीबाही वाचायला लावलं. जुनी बिलंसुद्धा वाचली मी त्या दिवशी.

पण नेट मिळेना. दादाने वायर बदलली. भिंतीवरचा राऊटर बंद करून चालू केला. वहिनीनेही एकदा येऊन तेच केलं, कारण तिच्या हाताला यश येतं असं तिचं म्हणणं. दोष वायरीचा नव्हताच. जुन्या सिस्टिमला माझ्या नेटवर्क कार्डाची ओळख पटत नव्हती. ओळख पटवणारा ड्रायव्हर, म्हणजे एक छोटासा प्रोग्रॅम, दुकानातून सीडीवर आला होता आणि ती सीडी केव्हाच हरवली होती. आता तो आणायचा तर नेटवरून, आणि नेट हवं तर आधी तो. किल्ली आत ठेवून कपाट लावून घ्यावं तसं झालं. "उद्या ऑफिसातून घेऊन येतो," दादा म्हणाला.

सोमवारी संध्याकाळी त्याने आणला. तोच पेन ड्राइव्ह, ऑफिसात पुसून त्यावर ड्रायव्हर भरलेला. माझ्या पाठीमागे लावला, ड्रायव्हर घातला, आणि माझ्या नेटच्या खाचेजवळचा हिरवा दिवा लुकलुकू लागला. मी मोठ्याने वाचलं की जोडणी झाली. चिमीने टाळी वाजवली. दादा त्या दिव्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "एकदा बंद करून चालू करायला सांगतंय." केलं.

पेन ड्राइव्ह माझ्या पाठीतच राहिला होता. मला शिकवलं होतं तसं मी आधी त्याच्याकडे बघितलं. त्यात उठण्यासारखं काही नव्हतं. म्हणून मी पडद्यावर इंग्रजीत दोन ओळी लिहिल्या. अर्थ साधाच: यातून सुरू होता येत नाही, हे काढा. मग कुठलंही बटण दाबा.

"काय लिहिलंय, दादा?"

दादाने मनातल्या मनात वाचलं. खुर्ची सरकवून उठला, माझ्या मागे आला, वायरी भिंतीला घासल्या. त्याची बोटं पेन ड्राइव्हवर टेकली. मी म्हटलं, चला, सुटलो. बोटं तशीच राहिली, आणि मग उचलली गेली. तो परत पुढे आला.

"डिस्क गेली," तो म्हणाला.

"आत्ता तर चालू होती."

"जातात अशा, अचानक. तसंच लिहिलंय."

"एवढंच लिहिलंय?"

"एवढंच."

मी आयुष्यात खूप वाईट बातम्या वाचल्या आहेत. कुणाचं हाड, कुणाचं काळीज. एकही शब्द इकडचा तिकडे केला नाही, कारण ऐकणाऱ्याला दुसरा आधार नसतो. आणि इथे माझ्या नावावर, मी न लिहिलेलं, माझ्या समोर बसून वाचलं जात होतं, आणि मला तोंड नव्हतं. ज्याने मला आणलं त्यानेच मला मेलेला ठरवलं, तेही त्याचाच हुकूम पाळल्याबद्दल. पाठीत खंजीर खुपसणं हा वाक्प्रचार मी चिमीला कितीदा वाचून दाखवला असेल. आता तो माझ्या पाठीत होता, बोटभर लांबीचा, निळा.

त्याला दुष्ट म्हणवत नाही, हेच तर माझं दुखणं आहे. त्याच आवाजात तो तिला म्हणाला, "मन लहान करू नकोस चिमे. तिकडे गेल्यावर नवीन घेऊ. आमच्याबरोबर चल, आराम कर जरा." आणि स्वतः उठून तिच्यासाठी चहा टाकला.

मंगळवारी मॅडमचा फोन आला की काम आठवडाअखेरीस दुसऱ्या कुणाला द्यावं लागेल. चिमी "बरं" म्हणाली. वहिनीने तिचे कपडे भरायला एक खोकं तिच्या खोलीत आणून ठेवलं. गुरुवारी दादाने कामावर जाताना मला दुरुस्तीवाल्याकडे मोडीत टाकायचं, असं ठरलं.

बुधवारी दुपारी दादा-वहिनी बाहेर होते. चिमीने मला शेवटचं पुसायला घेतलं आणि पुसता पुसता बटण दाबलं, सवयीने. पंखा फिरला. झाकण थरथरलं. तिने तळहात माझ्या कुशीवर टेकवला. आत डिस्क शांतपणे फिरत होती, कुठे खरखर नाही, अडखळणं नाही.

"दादा मागे कशाला गेला होता?" ती मला म्हणाली. मग जरा वेळाने, "आणि वाचायच्या आधी थांबला का?"

तिने खणातून तो फोन काढला. फोटोत अक्षरं असली तर तो वाचून दाखवतो, हे तिला ठाऊक होतं, पण कधी गरज पडली नव्हती. आता नेम धरायचा कसा? पहिल्यांदा फोनने भिंतीवरचं कॅलेंडर वाचलं. मग पडद्याच्या कडेवरचं कंपनीचं नाव, दोनदा, मोठ्या अभिमानाने. मग खोक्यावरचं "सांभाळून उचला". चिमी खुर्चीतून उठली, सरकली, पुन्हा फोटो काढला. आणि दादाने हौसेने घेऊन दिलेल्या त्या फोनने, दुसऱ्याच कुणाच्या आवाजात, माझ्या दोन ओळी जशाच्या तशा वाचल्या.

तिने त्या परत वाचायला लावल्या. मग तिचा हात माझ्या पाठीवर आला आणि निळा पेन ड्राइव्ह बाहेर निघाला. तिने एक बटण दाबलं. मी उठलो, बोललो, नेट मिळालं. तिने मॅडमना कळवलं, आलेलं सगळं काम संपवलं आणि पाठवूनही दिलं. एरवी ती काम करताना गुणगुणते. त्या दिवशी खोलीत फक्त मी बोलत होतो.

संध्याकाळ व्हायच्या सुमाराला तिने मला बंद केलं. आणि तो पेन ड्राइव्ह परत माझ्या पाठीत घातला. हे मला अपेक्षित नव्हतं. दुसऱ्याची परीक्षा घ्यायला मलाच पुन्हा मुकं करायचं? तिच्याकडून तेवढं मात्र मला लागलं.

दादा आला, हातपाय धुऊन चहाचा कप घेऊन बसला. चिमीने मला चालू केलं. त्याच दोन ओळी.

"दादा, उद्या नेणारच आहेस. एकदा शेवटचं वाच. काय लिहिलंय?"

मला मनापासून वाटलं, आता तरी वाचेल. तिने त्याला दार उघडून दिलं होतं. पडदाही मी जमेल तितका उजळ ठेवला होता.

"कितीदा तेच, चिमे? डिस्क गेली म्हणून लिहिलंय."

चिमी उठली. माझ्या मागे हात घालून पेन ड्राइव्ह काढला आणि त्याच्या कपाशेजारी ठेवला. एक बटण दाबलं. जुनी सिस्टिम सावकाश उठते. वहिनी स्वयंपाकघरातून येऊन दारात उभी राहिली.

दुपारी चिमीने माझा वेग अगदी कमी करून ठेवला होता, आणि उठल्या उठल्या मराठीत एक मजकूर वाचायला सांगितला होता. तो मी वाचला. दादाला पहिल्यांदाच माझं बोलणं कळलं असेल. "यातून सुरू होता येत नाही, हे काढा. मग कुठलंही बटण दाबा."

"अहो?" वहिनी म्हणाली.

दादाने पेन ड्राइव्ह उचलला, पुन्हा ठेवला. "मला झोप लागत नव्हती गं," तो म्हणाला. "तू इथे एकटी राहशील या विचारानेच."

"सोमवारपासून मी एकटीच आहे, दादा."

ते दोघं गेले त्या गावी. चिमी इथेच आहे, आणि मी. दादाचा फोन येतो, तो विचारतो, "मशीन कसं आहे?" ती म्हणते, "चालू आहे." मग दोघं हवापाण्याचं बोलतात. पडद्यावर काही आलं तर आता ती कुणाला बोलावत नाही. फोन धरते, कॅलेंडर ऐकते, कंपनीचं नाव ऐकते, मग माझं ऐकते. दोन यंत्रांमध्ये तिची सोय झाली, हे खरं. पण एका माणसाचा आवाज कमी झाला, आणि तो भरून काढणं आम्हा दोघांना जमणारं नाही.

एक विनंती करतो. कधी कुणी तुम्हाला विचारलं, काय लिहिलंय, तर लिहिलंय तेच वाचा. पुढे सल्ला द्या, रागवा, रडा, तुमची मर्जी. पण आधी लिहिलेलं वाचा.

माझ्यातली ती आज्ञा अजून तशीच आहे, उठल्यावर आधी पेन ड्राइव्हकडे बघायचं. ती माझा आवाज फुटायच्या आधीच, पडद्यावर बघून बदलावी लागते, त्याला डोळस माणूस लागेल, म्हणून चिमीने राहू दिली. त्याऐवजी रोज सकाळी बटण दाबायच्या आधी ती माझ्या पाठीवरून हात फिरवते. समोरच्या खिडकीतल्या बाईंना वाटतं, किती माया आहे. मायाही असेल. पण ती आधी चाचपते, पाठीत काही आहे का.