उसना गडी

वस्तादांच्या घरात त्या आठवड्यात भांडण एकाच खुर्चीवरून होतं, आणि त्या खुर्चीत बसणाऱ्याला त्याची गंधवार्ताही नव्हती.

खुर्ची होती खेळाच्या हॉलमधली, खिडकीकडून तिसरी. एका रांगेत पाच कॉम्प्युटर, समोरच्या रांगेत पाच. पाचजण पाचजणांशी खेळतात, कानाला हेडफोन लावून, घसा फुटेस्तोवर ओरडत. आसपासच्या सहा गावांच्या सहा संघांची मिळून एक लीग होती आणि वस्तादांचा संघ त्यातला सगळ्यांत जुना. नियम असा की पाचांत दोन परदेशी चालतील. वस्तादांकडे दोन होते. एक लंबू, जो प्रत्येक दारातून वाकून यायचा. दुसरा मौनी. त्याला आपली भाषा येत नसे म्हणून तो गप्प असायचा, पण माऊस हातात आला की समोरच्यांची बोलती बंद करायचा. तिसरी खुर्ची मौनीची. तो राहायचाही वस्तादांच्याच घरात, वरच्या खोलीत.

आणि त्या खुर्चीच्या मागच्या बाकावर दोन हंगाम बसून होती वस्तादांची धाकटी लेक. राखीव खेळाडू म्हणून.

आता लीगच्या अध्यक्षांनी ठराव आणला होता की पुढे प्रत्येक संघात परदेशी एकच. ठराव झाला की मौनी घरी जाणार, कारण लंबूचा करार अजून वर्षभर होता. मौनी गेला की खुर्ची धाकटीची.

"बाबा, तुम्ही हात वर करणार ना?" धाकटीनं जेवताना विचारलं.

"हळू बोल गं, तो वर आहे," आई म्हणाली.

"त्याला कुठे कळतंय?"

"शब्द कळत नसतील. सूर कळतो."

धाकटीनं ताट पुढे सरकवलं. "हे बघा, मला मोठं मन-बिन नाहीये, आधीच सांगते. मौनी माझ्यापेक्षा चांगला आहे. मान्य. पण बाकीच्या संघांत जी आपली पोरं बसलीत ना, त्यातल्या निम्म्यांपेक्षा मी बरी आहे. ती खेळतात आणि मी बाकावर. पुढच्या वर्षी मी ताईच्या छापखान्यात कागदाचे गठ्ठे बांधत असेन. हा एकच हंगाम आहे माझ्याकडे. खुर्ची कशी मिळाली ते मी नाही बघणार. मला बसायचंय."

"पिकतं तिथं विकत नाही," आई पुटपुटली.

"तू कुणाच्या बाजूनं आहेस, आई?"

"एक पोटची आणि एक ताटातला. मला विचारू नका बाई."

 वस्तादांचा घास तोंडातल्या तोंडात फिरत राहिला.

दुसऱ्या दिवशी ठरावाच्या सभेला जायच्या आधी ते हॉल झाडायला गेले. झाडणं हे निमित्त. मनात गुंता झाला की त्यांचे पाय तिकडे वळत. पूर्वी हा हॉल म्हणजे पिठाचं गोदाम होता. वस्तादांनी तो घेतला तेव्हा भिंतींच्या फटींतून पीठ झडायचं आणि पोरं खेळून बाहेर पडली की पांढऱ्या केसांची दिसायची. कॉम्प्युटर जुने, जाडजूड, पाठीमागून भट्टीसारखे तापणारे. थंडीच्या दिवसांत बाहेर उभी असलेली पोरं आत शिरून त्यांच्या पाठीवर हात शेकायची. कीबोर्डवरच्या चारच कळा सारख्या दाबल्या जात, त्यांच्यावरची अक्षरं पुसून जायची, आणि वस्तादांची बायको नखं रंगवायच्या बाटलीतल्या लाल रंगानं ती पुन्हा काढायची. तिच्या हाताची ती वाकडीतिकडी लाल अक्षरं बघून बाहेरगावचे संघ हसायचे. हरले की हसायचे नाहीत.

त्या काळी परदेशी म्हणजे पुलापलीकडचा. पलीकडच्यांचे बूट वेगळे, शिट्टी वेगळी, चिडले की शिव्यासुद्धा वेगळ्या. ते आले की हॉलमध्ये दबकी गडबड उडायची, जशी दारात अनोळखी कुत्रा आल्यावर उडते. आणि संध्याकाळी तेच पलीकडचे दारातल्या पायरीवर यांच्या खांद्याला खांदा लावून बसायचे, कारण परतीची गाडी उशिरा असायची.

वस्तादांनी झाडू कोपऱ्यात उभा केला आणि ते सभेला गेले.

सभा अध्यक्षांच्या दुकानात, वरच्या मजल्यावर. अध्यक्षांचं गाद्या आणि खुर्च्यांचं दुकान होतं म्हणून सगळे त्यांना गादीवाला म्हणत. न विकल्या गेलेल्या खुर्च्यांवर सगळे बसले होते. प्लास्टिकचं आवरण काढायचं नाही अशी सक्त ताकीद, त्यामुळे कुणी जरा हललं की कराकरा आवाज व्हायचा आणि कोण अस्वस्थ आहे ते लपत नसे.

"लीग आपली, गावं आपली, आणि खुर्च्यांवर कोण?" गादीवाल्यानं सुरुवात केली. "आयत्या बिळावर नागोबा! आपल्या पोरांनी काय टाळ्या वाजवायच्या?"

"मग पोरं दे ना बाबा!" दातांचे डॉक्टर उसळले. त्यांचा संघ टेकडीकडच्या गावचा. "आमच्याकडे तरणं पोर उरलंय कुठे? शिकायला जातात ती येतच नाहीत. एक परदेशी काढलास तर कुणाला बसवू? कवळी बसवायला येतात त्या आजोबांना?"

"आजोबा चावणार नाहीत, एवढं नक्की," कुणीतरी म्हणालं.

वकीलबाईंनी चष्मा वर केला. त्या नदीकाठच्या संघाच्या. "माझा मुद्दा वेगळाय. आपल्या पोरांना जागा मिळावी हे खरं. पण चांगल्याशी खेळल्याशिवाय चांगलं होतं का कुणी? माझी पोरं परदेश्यांकडून दोन वर्षांत जे शिकली ते मी दहा वर्षं ओरडून शिकवू शकले नव्हते."

"शिकली, आणि बसली बाकावर. शिकून उपयोग काय?" गादीवाला म्हणाला.

वस्तादांच्या खुर्चीचं प्लास्टिक करकरलं. त्यांना ताट पुढे सरकवणारी धाकटी दिसली. गादीवाल्याचं खोटं नव्हतं. वकीलबाईंचंही नव्हतं. हीच तर पंचाईत.

"आणि तुमचं परदेशी-स्वदेशी राहू द्या बाजूला," डॉक्टर म्हणाले, "या रविवारी वस्तादांशी सामना आहे आणि माझे गडी चारच. पाचवा सायकलवरून पडला. मनगट प्लास्टरमध्ये. सामना सोडून द्यायचा का मी?"

"मग उसना घ्या," वस्ताद म्हणाले.

त्यांनी ठरवून म्हटलं नव्हतं. जुन्या घराचा पत्ता जसा झोपेतसुद्धा तोंडात येतो, तसं ते आलं. नवे होते ते एकमेकांकडे बघू लागले. जुने होते त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरलं.

"उसना म्हणजे?" वकीलबाईंनी विचारलं.

मग वस्तादांनी सांगितलं. तेव्हा संघ लांबून यायचे, मिळेल त्या गाडीनं. कधी कुणाला ताप, कधी कुणाचा बाप आडवा. पाच निघायचे आणि चारच पोचायचे. एवढ्या लांबून आलेल्यांना परत कसं पाठवायचं? मग यजमानांच्या बाकावरचा एक गडी पाहुण्यांना उसना द्यायचा. निवडणार पाहुण्यांचा कप्तान, म्हणजे मेंगळट पोर गळ्यात मारायची सोय नाही. उसन्या गड्यानं समोरच्या रांगेत जाऊन बसायचं आणि आपल्याच लोकांना जीव तोडून हरवायचं. "एकानं एकदा मुद्दाम हळू खेळ केला होता," वस्ताद म्हणाले, "तर त्याच्या आईनं त्याला आठवडाभर हॉलमध्ये येऊ दिलं नाही. आमच्या घरात असलं चालत नाही म्हणाली."

"आणि बाकावरची पोरं?" वकीलबाई.

"बाकावर झोपा काढायची सोय नव्हती हो. कुणाकडून बोलावणं येईल सांगता यायचं नाही. बाकसुद्धा जिवंत असायचा."

"बंद का पडलं मग?"

"करार आले. याद्या आल्या. नाव एकदा लिहिलं की माणूस हलत नाही."

"अन् उसना दिलेला परत आलाच नाही तर?" डॉक्टरांनी मुद्दाम विचारलं आणि सगळ्यांनी गादीवाल्याकडे पाहिलं. कारण ते सगळ्यांना ठाऊक होतं. गादीवाला पोरवयात वस्तादांच्या बाकावर होता. एकदा पलीकडच्यांना उसना दिला, त्यानं वस्तादांना धूळ चारली, आणि तो तिकडचाच झाला. उसनं दिलेलं भांडं म्हणून त्याची वर्षानुवर्षं थट्टा व्हायची.

गादीवाला या वेळी हसला नाही.

"मी परत आलो नाही असं सगळे म्हणतात," तो म्हणाला. "आठवडाभर मी वाट बघत होतो, वस्ताद. तुम्ही रस्त्यात दोनदा भेटलात. 'बरा खेळलास' म्हणालात. 'ये' म्हणाला नाहीत. रविवारी आलो तर बाकावर माझ्या जागी दुसरा."

"मला वाटलं तुला तिकडे बरं वाटतंय."

"मला वाटलं तुम्हाला मी नकोय."

कुठल्याच खुर्चीचं प्लास्टिक वाजलं नाही.

"आता दोघं रडणार असाल तर मी निघतो. दवाखाना उघडायचाय मला," डॉक्टर म्हणाले, आणि मग हसण्याचा असा फुगा फुटला की खाली दुकानातला नोकर वर बघायला आला.

मग हात वर झाले. एकच परदेशी, या ठरावाच्या बाजूनं गादीवाला आणि आणखी दोघे. वस्तादांचा हात मांडीवर होता. तो वर गेला असता तर ठराव झाला असता, हे त्यांना कळत होतं. त्यांनी तो दुसऱ्या हातानं धरून ठेवला. तीन विरुद्ध तीन, ठराव पडला. त्यानंतर एक हंगाम उसनवारी चालू करून बघावी, या ठरावाला मात्र सगळ्यांचे हात वर गेले. गादीवाल्याचा सगळ्यांत शेवटी, पण सगळ्यांत उंच.

घरी पोचायच्या आत बातमी पोचली होती. धाकटी दारातच उभी.

"हात खाली ठेवलात."

"ठेवला."

"एक शब्द तरी बोललात माझ्याबद्दल?"

"तुझ्याबद्दल नाही बोललो. पण..."

पण ऐकायला ती थांबली नाही. दार असं आपटलं की वरून मौनी जिन्यात येऊन उभा राहिला, बिचारा, काय झालं ते न कळून.

डॉक्टरांचा फोन आला तेव्हा वस्ताद बूटसुद्धा न काढता बसले होते.

"वस्ताद, निवड माझी, बरोबर? मग तुमची धाकटी द्या."

त्यांनी फोन ठेवला आणि बायकोला सांगितलं. ती बघतच राहिली. "अहो, स्वतःच्या लेकीला उसनी देता? भांडं आहे का ते? आणि तुमची भांडी परत येत नाहीत, हे गावाला माहीत आहे!"

खोलीचं दार किलकिलं झालं. "कुणाविरुद्ध?"

"आपल्याविरुद्ध," वस्ताद म्हणाले.

"बसायचं कुठे?"

"मौनीच्या समोर."

धाकटी बाहेर आली. डोळे सुजलेले होते, पण हनुवटी वर. "मी सोडणार नाही हां, बाबा."

"सोडलंस तर जेवायला वाढणार नाही तुला," आईच म्हणाली.

रविवारी हॉल भरला. धाकटीनं आपला माऊस उचलला, बाकावरची आपली उशी उचलली, आणि मधली वाट ओलांडून डॉक्टरांच्या रांगेत जाऊन बसली. ती वाट चार पावलांची, पण वस्तादांना ती पुलाएवढी वाटली. तिनं वळून पाहिलं नाही. तेच बरोबर होतं, आणि तेच लागलं.

पहिली फेरी वस्तादांच्या संघानं घेतली. दुसऱ्या फेरीत धाकटी बोलायला लागली. डॉक्टरांची पोरं दबकून खेळणारी. हिनं त्यांना हाकलायला सुरुवात केली. "अरे, थांबलास कशाला, तो येणार नाही इकडून! आता! आता जा!" मौनी कुठल्या कोपऱ्यात दम धरून बसतो, लंबू घाईत कुठे चुकतो, सगळं तिच्या बोटांत होतं. वस्ताद आपल्या संघामागे उभे राहून सूचना देत होते आणि त्यांची प्रत्येक सूचना समोरच्या रांगेत कुणीतरी आधीच ओळखत होतं. शेवटच्या फेरीत दोन्हीकडे एकेकच उरला. मौनी आणि धाकटी. मौनीनं दम धरला. तिनं त्याच्याहून जास्त धरला, आणि सामना डॉक्टरांच्या संघानं घेतला.

हॉल उठून उभा राहिला. मौनीनं हेडफोन काढले, समोर पाहिलं, आणि मोठ्यानं हसला. दोन वर्षांत त्याचं हसणं घरात कुणी ऐकलं नव्हतं.

गर्दी ओसरल्यावर डॉक्टर जवळ आले. "वस्ताद, आमचं पोर अजून प्लास्टरमध्येच आहे. हंगामभर ठेवू का हिला? ती हो म्हणतेय. पण तुमचं..."

दाराशी गादीवाला उभा होता. तो नुसता बघत होता.

वस्ताद मधली वाट ओलांडून गेले. धाकटी माऊसची वायर गुंडाळत होती.

"परत ये," ते म्हणाले.

तिनं वर पाहिलं. "खुर्ची आहे?"

"नाही. मौनी बसलाय."

"मग?"

"मग काही नाही. पण म्हणायचं असतं. म्हणून म्हटलं."

धाकटीनं वायरीला शेवटचा वेढा दिला. मग म्हणाली, "म्हटलंत ते बरं झालं. पण मी डॉक्टरांकडे खेळते, बाबा. हंगामभर." आणि उशी काखेत मारून ती निघाली. दाराशी गादीवाल्यानं तिला वाट करून दिली.

हॉलमध्ये वस्ताद आणि मौनी उरले. मौनी कॉम्प्युटर एकेक करून बंद करत होता. वस्ताद थकले होते, जवळ होता त्या बाकावर टेकले. समोर तिसऱ्या खुर्चीत मौनी वाकलेला, आणि त्याच्या पाठीमुळे कॉम्प्युटरचा पडदा निम्माच दिसत होता. त्यांनी मान डावीकडे केली, उजवीकडे केली. निम्माच.

दोन हंगाम पोर इथे बसली होती. एवढ्या निम्म्या पडद्यावरून तिनं सगळं पाठ केलं होतं.

वस्ताद उठले. त्यांनी बाकाचं एक टोक धरलं आणि मौनीला दुसरं धरायची खूण केली. दोघांनी मिळून तो उचलला आणि दोन खुर्च्यांच्या मधल्या फटीसमोर नेऊन ठेवला, जिथून पडदा पूर्ण दिसत होता.